शके १५२२ ते शके १६२२

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात अबुल हसन या चित्रकाराने काढलेलं एक मुघल चित्र आहे, साधारण १६१६ सालचं. जहांगीर बादशहा धनुष्य ताणून उभा आहे. समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्या माणसाचं मुंडकं खोचलेलं, त्याच्यावर घुबड बसलेलं. मुंडकं मलिक अंबरचं आहे. आता गंमत अशी, की मलिक अंबर त्या वेळी दख्खनमध्ये चांगला धडधाकट होता आणि पुढे दहा वर्षं मुघलांच्या नाकी नऊ आणून १६२६ मध्ये म्हातारपणाने वारला. बादशहाला जे रणात जमलं नाही ते त्याने कागदावर उरकून घेतलं.

चित्रात माझी नजर मात्र दर वेळी बादशहाच्या पायांकडे जाते. तो पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. असे गोल आणि नकाशे त्या काळात पाद्री आणि फिरंगी वकील दरबारात भेट म्हणून आणत. पण हा गोल अधांतरी नाही. तो एका बैलाच्या पाठीवर आहे आणि बैल माशाच्या पाठीवर. म्हणजे पृथ्वी बैलाच्या आधाराने उभी आहे ही जुनी समजूत जिथल्या तिथे ठेवली आणि युरोपातून आलेला नवा गोल अलगद तिच्यावर बसवून दिला. चित्रकाराला त्यात काही विसंगत वाटलेलं दिसत नाही. मलाही आता वाटत नाही. सतराव्या शतकातल्या बहुतेक माणसांनी नव्या वस्तूंचं हेच केलं.

हे शतक महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला जितकं पाठ असतं तितकं दुसरं कुठलंच नसतं. १६५९ म्हटलं की प्रतापगड, १६६३ म्हटलं की लाल महाल, १६६६ आग्रा, १६७४ रायगड. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पण हे एका माणसाचं चरित्र आहे, आणि ते इतकं भरगच्च आहे की त्याच्या भोवतालचं शतक दिसेनासं होतं. महाराजांच्या घोडदळात कोण काय ओढत होतं, रुपयातली चांदी कुठल्या डोंगरातून आली, कोकणातलं मीठ का विकलं जात नव्हतं, असले प्रश्न मराठी घरातल्या इतिहासप्रेमी माणसाला सहसा पडत नाहीत. मला ते पडायला लागले आणि मग लढायांची वर्णनं वाचताना मधली पानं मी जास्त वेळ रेंगाळत वाचू लागलो.

मलिक अंबरपासूनच धरू. हा माणूस हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी विकला गेला, बगदादकडच्या बाजारांतून हात बदलत शेवटी निजामशाहीच्या एका सरदाराकडे आला, आणि पुढे त्याच निजामशाहीचा तारणहार झाला. हबशी गुलाम दख्खनला का येत होते, याचं कारण राजकारणाइतकंच व्यापारात आहे. इकडचं सुती कापड तांबड्या समुद्राकडे जायचं आणि त्या व्यापाराच्या परतीच्या वाटेवर माणसंही यायची. दख्खनच्या सुलतानांना असे लढवय्ये हवे होते, ज्यांचे इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, म्हणून धन्याशिवाय कोणी नाही. अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली, तिथे नहरीने पाणी खेळवलं, जमिनीच्या महसुलाची घडी बसवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. गनिमी काव्याच्या गोष्टी आपण सह्याद्रीपासून सुरू करतो, पण या हबशी म्हाताऱ्याने मुघलांना आणि आदिलशाहीला एकाच वेळी त्याच पद्धतीने दमवलं होतं, आणि त्याच्या फौजेत मराठे मोठ्या संख्येने होते.

मग १६३० साल येतं. या सालाशी मला जरा थांबायचं आहे.

फेब्रुवारीत शिवनेरीवर मूल जन्मलं. ते चार महिन्यांचं असताना पाऊस आला नाही. गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे नाही. पुढच्या दोन वर्षांत आधी अन्नान्न दशा आणि मग रोगराई. दुष्काळ आपल्याकडे नवा नव्हता, पण हा दुष्काळ तीन वेगवेगळ्या जातीच्या माणसांनी लिहून ठेवला आहे, म्हणून तो अंगावर येतो. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो, की भाकरीच्या तुकड्यापायी लोक जीव विकायला तयार होते, पण घेणारा नव्हता. कुत्र्याचं मांस बकऱ्याचं म्हणून खपवलं जात होतं आणि मेलेल्यांच्या हाडांचं पीठ कणकेत मिसळलं जात होतं. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या हिवाळ्यात सुरतेहून आग्र्याकडे निघाला आणि वाटेत पाहिलेली प्रेतं मोजत, टिपत गेला. आणि तिसरा साक्षीदार देहूचा. तुकोबांनी स्वतःच सांगितलं आहे, की दुष्काळाने द्रव्य आटलं, मान गेला आणि एक बायको अन्न अन्न करत मेली. इतिहासकार लाखांत बोलतो आणि हा एका घरातलं बोलतो. परंपरा अशी, की यानंतर त्यांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, धाकट्या भावाच्या वाट्याची तेवढी त्याला दिली. लोकांना यात वैराग्य दिसतं. मला त्यात हिशेबही दिसतो. गावच्या गाव उठलेलं असताना ती खतं वसूल कोणाकडून होणार होती? दुकानदार माणसाला हे आधी कळलं असणार.

बादशहा त्या वेळी कुठे होता? बुऱ्हाणपुरात, दख्खनच्या मोहिमेसाठी तळ देऊन. याच मुक्कामात १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली आणि पुढच्या वर्षी आग्र्याला ताजमहालाचं काम सुरू झालं. दुष्काळासाठी बादशहाने लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५ हजार रुपये वाटले, वीस आठवडे वाटले, आणि खालसा, म्हणजे थेट बादशाही, मुलखातला ७० लाखांचा महसूल माफ केला. लाहोरी हे मोठ्या अभिमानाने सांगतो आणि ती मदत अगदीच खोटी होती असं म्हणायचं कारण नाही. पण भर दुष्काळात एवढी मोठी फौज तापीच्या काठी बसवून ठेवायची तर तिला दाणा लागणार, आणि बंजाऱ्यांचे बैल तिकडेच वळणार. मंडीने त्या प्रवासांत धान्य वाहणारा एक तांडा पाहिला, त्यात १४ हजार बैल होते. तेव्हा धान्य मुळीच नव्हतं असं नाही. ते कुठे जाणार हे आधी ठरलेलं होतं.

याच धामधुमीत आदिलशाही फौजेने पुणं जाळलं आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला असं सांगतात. काही वर्षांनी जिजाबाई आणि बालशिवाजी पुण्यात आले तेव्हाच्या सोन्याच्या नांगराची गोष्ट आपल्याला माहीत आहे. खरी असो नसो, तिच्यामागचं काम मात्र खरं आहे आणि ते सोन्यापेक्षा कितीतरी कंटाळवाणं आहे. पळून गेलेल्या कुणब्यांना अभयाचा कौल देऊन परत आणायचं. पडीक जमीन लागवडीला आणली तर पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असं चढत चढत काही वर्षांनी पूर्ण. याला इस्तावा म्हणायचे. बैल नसेल तर तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, बी नसेल तर बी. लांडगे माजले होते, ते मारणाऱ्याला बक्षीस दिल्याचंही सांगतात. स्वराज्याचा पाया म्हणून तोरणा सांगतात, मी इस्तावा सांगेन. माणसं परतली नसती तर किल्ल्यावर शिबंदीला दाणा कोणी चढवला असता?

दुष्काळाचं आणखी एक टोक फार लांब जातं. गुजरातेतले विणकर मेले नाहीतर परागंदा झाले, कापड मिळेना, मिळालं तर पूर्वीसारखं मिळेना. आता हे कापड फक्त लंडनला जात नव्हतं. डच आणि इंग्रज हे कापड घेऊन पूर्वेला मसाल्याच्या बेटांकडे जायचे, कारण तिथल्या लोकांना युरोपचा माल नको असे, त्यांना हिंदुस्थानी कापड हवं असे. कापड द्या, जायफळ घ्या. जायफळ त्या काळी जगात बांदा नावाच्या मूठभर बेटांवरच पिकायचं. डच कंपनी १६०२ मध्ये निघाली, तिचे समभाग ॲमस्टरडॅममध्ये विकत घेता-विकता येत. १६२१ मध्ये याच कंपनीच्या यान पीटरसून कून या गव्हर्नर जनरलने बांदा जिंकून तिथले लोक मारले, उपाशी मारले, गुलाम म्हणून नेले. सुमारे १५ हजारांतले हजारभर उरले असतील. समभागधारकांना याचं काही सोयरसुतक असण्याचं कारण नव्हतं. तिथलंच रून नावाचं चिमुकलं बेट इंग्रज आपलं म्हणायचे. ते १६६७ च्या ब्रेडा तहात त्यांनी सोडलं आणि त्या तहाने अमेरिकेतलं मॅनहटन त्यांच्याकडे राहिलं. श्रीखंडात जायफळ किसताना हे आठवायलाच हवं असा माझा आग्रह नाही. मला आठवतं एवढंच.

सुरतेत कापड न मिळाल्यावर कंपन्यांनी पूर्व किनाऱ्याकडे आणि नंतर बंगालकडे जास्त लक्ष घातलं. मद्रासची वखार १६३९ मधली. तिची कारणं इतरही आहेत, पण गुजरातची ही उतरती कळा त्यात धरावीच लागते.

चांदीची गोष्ट वेगळीच आहे. मुघल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शुद्ध चांदीचा. आणि हिंदुस्थानात चांदीच्या म्हणाव्या अशा खाणी नाहीत. मग एवढे रुपये पडायचे कशातून? आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसी या डोंगरातून, मेक्सिकोतून, काही जपानमधून. पोतोसी समुद्रसपाटीपासून ४ हजार मीटरवर, तिथे १५४५ मध्ये चांदी सापडली. गावागावांतून पाळीपाळीने आदिवासी पुरुषांना सक्तीने आणून खाणीत उतरवायचे. त्या चांदीचे स्पॅनिश रियाल व्हायचे, काही सेव्हिलहून युरोपात फिरून, काही तांबड्या समुद्राच्या वाटेने, काही कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला. सुरतेत सराफ ते पारखून घेत, टांकसाळीत वितळवून त्यावर बादशहाचं नाव उमटे. राजाचं राजचिन्ह आणि क्रूस असं सगळं भट्टीत जाई. हिंदुस्थानातून कापड, नीळ, मिरी, सोरा बाहेर जायचा आणि बदल्यात चांदी यायची, कारण इकडच्या लोकांना युरोपचं दुसरं फारसं काही विकत घ्यायचं नव्हतं.

जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. वीरजी व्होरा हा तिथला सर्वांत धनाढ्य व्यापारी. इंग्रज कंपनीसुद्धा त्याच्याकडून व्याजाने पैसे उचलायची. त्याचा वाडा रिकामा झाला. तिथून राजगडाला गेलेल्या रुपयांत अमेरिकेची चांदी किती असेल ते कोणी वेगळं काढू शकत नाही, पण बरीचशी असणार हे चांदीच्या वाटा पाहिल्या की उघड आहे. पोतोसीतल्या कुणा अनामिक माणसाच्या घामाने स्वराज्याचा खर्च चालला, हे वाक्य वाचायला विचित्र वाटतं. वाटू दे. महाराजांनी स्वतः राज्याभिषेकाच्या वेळी पाडला तो सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन हे दक्षिणेचं, विजयनगरपासूनचं नाणं. रुपया उत्तरेचा. दख्खन ही त्या दोन नाण्यांची सरहद्द होती.

आता ते पत्र. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठी पडली होती, तिथल्या जुमलेदारांना महाराजांनी पाठवलेलं. यातलं एक वाक्य सगळ्यांना माहीत असतं, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका या अर्थाचं. ते भाषणात येतं, फलकांवर येतं. पण अख्खं पत्र वाचावं. ते उपदेशाचं कमी आणि कोठारातल्या शिलकीचं जास्त आहे. दाणा-वैरण आता हवी तशी उधळलीत तर ऐन पावसाळ्यात संपेल, घोडी मरायला लागतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, आणि कुणब्यांना वाटेल याहून मोगल बरे. हे झाल्यावर पत्र आगीवर येतं. कोणी आगट्या पेटवतील, कोणी भलत्याच जागी चुली मांडतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील, गवत पडलंय की वारा सुटलाय हे बघणार नाहीत. रात्री दिवा जळता राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील.

राजाने उंदराचा विचार केला आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथेच अडखळलो. पण नंतर मला त्या तंबाखूने जास्त पछाडलं. कारण तिचा प्रवास बऱ्यापैकी ठाऊक आहे. अमेरिकेतलं हे पान पोर्तुगिजांमार्फत इकडे आलं. १६०४ च्या सुमारास असद बेग हा अकबराचा वकील विजापूरहून परतला तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित चिलीम बादशहापुढे ठेवली. विजापुरात ती आधीच मिळत होती, आग्र्यात कोणी पाहिली नव्हती. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने आक्षेप घेतला, आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही. असद बेगने वाद घातला, की फिरंग्यांतही शहाणी माणसं असतात, प्रत्येक गोष्ट कधीतरी पहिल्यांदाच येते. बादशहाने ओढणं सोडलं, अमीर-उमरावांनी धरलं. त्याच १६०४ साली तिकडे इंग्लंडचा जेम्स राजा तंबाखूविरुद्ध पुस्तिका काढत होता. १६१७ मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदी घातली. बंद्या घातल्या जातात तेव्हा समजावं की वस्तू सगळीकडे पोचलेली आहे. आणि मग सत्तर वर्षांत, म्हणजे फार तर तीन पिढ्यांत, चिपळूणच्या छावणीतला साधा शिलेदार पावसाची उघडीप बघून चिलमीसाठी विस्तव मागतो आहे आणि ही सवय इतकी रोजची झाली आहे की राजाला तिची धास्ती चुलीच्या रांगेत लिहावी लागते. कोणाला तिचं परकेपण आठवत नाही. गोल बैलाच्या पाठीवर बसला म्हणा.

आणखी एक पत्र आहे, १६७१ मधलं, मिठाचं. कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगिजांच्या ताब्यातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडून उचलतात आणि संगमेश्वराकडचं आपलं मीठ पडून राहतं. तेव्हा तिकडच्या मिठावर इतकी जबर जकात बसवा की ते इथल्या मिठापेक्षा महाग पडेल. नाहीतर आपली बंदरं बसतील. चार वर्षं आधी, १६६७ मध्ये, फ्रान्सच्या कोल्बेर या मंत्र्याने डच आणि इंग्रज मालावर अशीच जबर जकात बसवली होती, आणि ती पुढच्या फ्रेंच-डच लढाईच्या कारणांत मोजतात. कोल्बेरचं नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत येतं. मिठाच्या पत्राला तिथे जागा मिळालेली मी पाहिलेली नाही. दोघांना एकमेकांची बातमी असण्याचा संभव नाही. पण समुद्रावरून स्वस्त माल येऊन बंदरात उतरू लागला की जकातीचा विचार कोणाच्याही डोक्यात येतो, मग ते डोकं पॅरिसला असो की रायगडाला.

रायगडावरून आठवलं. १६७४ च्या राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. मुंबई तेव्हा कंपनीकडे येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, वर्षाला १० पौंड भाड्याने, राजाला लग्नात हुंडा म्हणून मिळालेली. वकिलाला नजराणे द्यायचे होते, राजापूरच्या वखारीची भरपाई आणि व्यापाराचा तह मिळवायचा होता. तो मिळाला. पण त्या मुक्कामातली माझी आवडती व्यक्ती म्हणजे गडाखालचा म्हातारा खाटीक. इंग्रजांना रोज बकऱ्याचं मांस लागायचं. गडावरच्या लोकांत मांस खाणारे थोडेच, त्यामुळे त्याची विक्री एकदम इतकी वाढली की हे कोण खातंय ते बघायला तो एवढा गड चढून वर आला. जॉन फ्रायर नावाच्या डॉक्टरने ही हकिकत नोंदवली आहे. तिथे छत्र, सिंहासन, गागाभट्ट, मंत्रघोष, आणि त्यात हा धापा टाकत आलेला माणूस, आपलं गिऱ्हाईक बघायला.

इतिहासकार सतराव्या शतकाला जागतिक अरिष्टाचं शतक म्हणतात, आणि यादी खरंच थक्क करणारी आहे. जर्मनीत १६१८ ते १६४८ असं तीस वर्षांचं युद्ध. चीनमध्ये १६४४ ला मिंग घराण्याचा अंत. इंग्लंडमध्ये १६४९ ला राजाचंच डोकं उडवलं. कारण काय, तर जग थंड पडलं होतं, सूर्यावरचे डाग १६४५ पासून जवळजवळ दिसेनासे झाले, पिकं बुडाली, लोक उठले. मला या मांडणीचं आकर्षण आहे, एका सूत्रात सगळं ओवता येतं म्हणून. पण म्हणूनच जरा संशयही येतो. आपला १६३० चा दुष्काळ ते डाग जाण्याच्या पंधरा वर्षं आधीचा आहे. त्यात माणसं मरायला पाऊस जितका कारण, तितकंच बुऱ्हाणपूरचं लष्कर. हवामानाने दार उघडलं असेल. आत कोण शिरलं ते माणसांनी ठरवलं.

शतकाच्या शेवटी दख्खनमध्ये एक असा पाहुणा आला, ज्याच्यावर मी खूष आहे. जेमेली कारेरी, इटलीच्या कालाब्रियाचा, पेशाने वकील. तो कोणत्या कंपनीचा नव्हता, कोणत्या राजाचा दूत नव्हता. नोकरीत डावललं गेलं म्हणून वैतागून १६९३ मध्ये जग बघायला निघाला, मिळेल त्या जहाजात जागा घेत. मार्च १६९५ मध्ये गोव्याहून तो कृष्णाकाठी गलगल्याला पोचला. तिथे औरंगजेबाची छावणी होती. त्याने जे ऐकून लिहिलं त्यानुसार छावणीचा घेर तीस मैल, माणसं पाच लाख, बाजार अडीचशे. आकडे फुगलेले असतील, पण ते खरोखर चालतंबोलतं शहर होतं. दिल्ली कुठे आहे असं कोणी विचारलं असतं तर त्या साली खरं उत्तर गलगलं असं द्यावं लागलं असतं. बादशहाला कारेरीने दरबारात पाहिलं. ठेंगणा, लांब नाकाचा, वयाने वाकलेला, पांढरी दाढी, अंगावर पांढरे कपडे. लोकांचे अर्ज तो स्वतः हातात घेत होता, चष्मा न लावता वाचत होता, स्वतःच्या हाताने शेरे मारत होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. सत्त्याहत्तरीचा माणूस, विजापूर १६८६ मध्ये जिंकलेलं, गोवळकोंडा १६८७ मध्ये, संभाजीराजांना १६८९ मध्ये मारलेलं, आणि तरी लढाई संपत नव्हती.

कारेरी तिथून गेला चीनला, चीनहून मनिलाला, आणि मनिलाहून स्पॅनिश गलबतात बसून पॅसिफिक ओलांडत मेक्सिकोच्या आकापुल्कोला. सहा महिन्यांहून जास्त चाललेल्या या प्रवासात बिस्किटांत आणि रश्शात किडे निघाल्याची तक्रार त्याने मनसोक्त केली आहे. मेक्सिकोत त्याने पाचुकाच्या चांदीच्या खाणी पाहिल्या. म्हणजे रुपया जिथे खर्च होत होता ती छावणी आणि रुपयाची चांदी जिथे निघत होती ती खाण, दोन्ही पाहिलेला माणूस. दोन वर्षांत पाहिलेला! त्याने ही दोन टोकं जोडून काही लिहिलं असतं तर किती मजा आली असती. त्याला तसं काही सुचलं नाही. तो पुढच्या सरायीत जेवण बरं मिळेल का याच्या काळजीत होता.

छावणीत पैसा कशाने येत होता हे १६९५ च्याच सप्टेंबरमध्ये कळलं. मोखा आणि जिद्द्याकडून परतणारं बादशहाचं गंज-इ-सवाई हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. मुघल इतिहासकार खाफीखान सांगतो, जहाजावर हिंदुस्थानी माल विकून आलेलं ५२ लाखांचं सोनं-चांदी होतं. त्यावर हाजी होते, बायका होत्या, त्यांचे हाल झाले. बातमी आली तेव्हा बादशहा भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता, पंढरपूरच्या जवळच. सुरतेच्या इंग्रजांना वखारीत कैद करून ठेवण्यात आलं. भीमेच्या काठावरून समुद्राचा बंदोबस्त करायची ही वेळ आली होती आणि त्यासाठी ज्यांच्यावर अवलंबून राहावं लागलं ते शेवटी फिरंगीच होते. समुद्रावर आपली जरब हवी हे त्या शतकातल्या इकडच्या राजांत ज्याला सर्वांत आधी उमगलं त्याने सिंधुदुर्ग बांधायला घेतला होता, याच्या तीसेक वर्षं आधी.

शतक संपलं ते कोणालाच कळलं नाही, कारण ते कोणाचंच नव्हतं. एप्रिल १७०० मध्ये बादशहा साताऱ्याला वेढा घालून बसला होता. राजाराम महाराज मार्चमध्ये सिंहगडावर वारले होते आणि कारभार ताराबाईंच्या हातात आला होता. बादशहाच्या दप्तरात ते १११२ लागायच्या आधीचं हिजरी ११११ वं वर्ष, मराठ्यांच्या गावात नुकताच पाडवा होऊन शके १६२२ लागलेला, आणि राज्याभिषेक शकाचं २६ वं वर्ष. गोव्याचे पोर्तुगीज एक तारीख लिहायचे आणि सुरतेचे इंग्रज अकरा दिवस मागची, कारण त्यांनी पोपचं पंचांग अजून मानलं नव्हतं. सुरुंग उडाला तेव्हा तट बाहेरच्या बाजूला कोसळून शाही फौजेचीच शेकडो माणसं त्याखाली गेली. काही दिवसांनी किल्ला मिळाला, लढून कमी आणि बोलणी करून जास्त. बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं आणि लगेच शेजारच्या परळीला वेढा घालायला निघाला. पुढची सात वर्षं तो हेच करत राहिला, आणि मराठे किल्ले परत घेत राहिले, साताऱ्यासकट.